दोन तोळ्यांचा प्रवासी, अडीच गुंजांचा दर्यावर्दी

हिंगोलीजवळच्या नरसी नामदेवच्या शिवारात सोयाबीनची काढणी चाललेली असते, कयाधू नदीचं पाणी ओसरू लागलेलं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्या डोक्यावरून जगातली एक अचाट वाहतूक सुरू होते. रूळ नाहीत, स्टेशनं नाहीत, तिकीट नाही. आकडे मात्र असे, की ऐकताना श्वास अडकावा. चला, एकेक आकडा उचलू आणि आपल्याच मापांनी मोजू.

पहिलं माप सोनाराचं. ओहोटीच्या वेळी अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर जा. ओल्या वाळूवर चिमणीएवढे पक्षी लगबगीनं पळत असतात. लाट मागे सरली की पुढे धावायचं, भराभर टोचे मारायचे, लाट आली की पुन्हा मागे. हा छोटा टिलवा. वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन तोळे! आला कुठून? थेट सैबेरियाच्या उत्तर टोकाहून, जिथे झाडसुद्धा उगवत नाही तिथून. अंतर साधारण ६,००० किलोमीटर. मुंबई-पुणे दीडशे किलोमीटर धरा, झाल्या चाळीस फेऱ्या. नामदेव महाराजांची नरसी आणि त्यांनी पुढे मुक्काम केला ते पंजाबातलं घुमान, यांच्यात सरळ रेषेत १,३०० किलोमीटर भरतात. हे दोन तोळे तेवढं अंतर साडेचार वेळा कापतात. आणि ही झाली नुसती यायची बाजू. उन्हाळ्यात परत जायचं आहेच!

आता उंची. जायकवाडीला आणि नांदूर मधमेश्वरला हिवाळ्यात पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात. पाठीवर यंत्र बसवलेल्या एका पट्टकादंबाची ७,२९० मीटर उंचीची नोंद आहे. आपल्याकडची साठ फुटी विहीर घ्या. तिच्यावर दुसरी ठेवा, तिसरी ठेवा, ठेवत जा. चारशे विहिरी रचाव्या लागतील, तेव्हा कुठे तुम्ही त्या हंसाच्या पंखाशी पोहोचाल. तिथे प्राणवायू आपल्याकडच्या निम्माही नसतो, आणि हे पठ्ठे तिथे पंख मारत असतात!

रेल्वेकडे वळू. देशातली सगळ्यात लांब पल्ल्याची गाडी दिब्रुगड ते कन्याकुमारी, विवेक एक्स्प्रेस. अंतर सुमारे ४,२०० किलोमीटर, प्रवास तीन दिवसांहून जास्त. आता पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा हा पक्षी घ्या; तो आपल्या कोकण किनाऱ्यावरही उतरतो. याच जातीचं एक पाच महिन्यांचं पिल्लू २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अलास्काहून उडालं आणि टास्मानियाला उतरलं. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये एकही थांबा नाही. विवेक एक्स्प्रेसच्या तीन खेपा पुऱ्या करून वर हजारेक किलोमीटर! मुंबई-पुणे नव्वद वेळा! ना घोटभर पाणी, ना दाणा, ना पाय टेकायला फांदी. उडण्याआधी त्याच्या वजनाचा निम्मा भाग चरबीच असतो आणि पोटातले अवयव आक्रसून घेतलेले असतात, असं शास्त्रज्ञ सांगतात. आपण फक्त हात जोडायचे.

आता नकाशा उघडा, कारण गोष्ट हिंगोलीच्या दारात आली आहे. नागालँडमध्ये दोयांग जलाशयावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात लाखो अमूर ससाणे जमतात. तिथून ते आफ्रिकेकडे निघतात. दोयांगवर फूटपट्टीचं एक टोक ठेवा, दुसरं सोमालियाच्या पूर्व टोकावर. रेघ जाते ती आपल्या हिंगोलीच्या आसपासून! अंतर पाच हजार किलोमीटरच्या घरात, त्यातला निम्मा पल्ला अरबी समुद्राचा, आणि दीडशे ग्रॅमचा हा पक्षी हे सगळं अंतर पाच-सहा दिवसांत कापतो. याच दोयांगवर २०१२ मध्ये जाळी लावून रोज बारा ते चौदा हजार ससाणे मारले जात होते. दिवसाचे चोवीस तास धरले तरी मिनिटाला आठ. दहा दिवस! वाचतानाही पोटात कालवतं. आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, पांगती आणि शेजारच्या गावांनी जाळी गुंडाळली. शिकार शून्यावर आली. मला या सगळ्या आकड्यांत तो शून्य सगळ्यात मोठा वाटतो.

समुद्रावर ससाणा खातो काय? इथेच तो जीव येतो, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं. पावसाळा सरताना रानावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर सगळ्यांनी पाहिलेत. वजन तीनशे मिलिग्रॅम. तोळा विसरा, मासा विसरा, गुंजेवर या: अडीच गुंजा! मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाला दर ऑक्टोबरात बेटांवर चतुरांचे लोंढे उतरताना दिसत. त्या बेटांवर चतुरांना अंडी घालायला गोडं पाणी जवळपास नाहीच, मग हे येतात कुठून? २००९ मध्ये त्यांनी उत्तर मांडलं: भारतातून, आणि पुढे निघालेत आफ्रिकेला. मागून वारा, खाली नुसता दर्या, पल्ला साडेतीन हजार किलोमीटर. ससाणेही त्याच वाऱ्यावर, त्याच सुमारास. ससाण्यांची वाटेतली शिदोरी हे चतुरच असावेत, असा अँडरसन यांचा अंदाज.

आता शेवटचा हिशेब. चतुराची लांबी पाच सेंटीमीटर. साडेतीन हजार किलोमीटर म्हणजे त्याच्या सात कोटी अंगलांब्या. साडेपाच फुटी माणसानं आपल्या सात कोटी लांब्या ओलांडायच्या ठरवल्या, तर होतात १,१७,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला जवळजवळ तीन प्रदक्षिणा! थांबा, ही तर नुसती जायची बाजू. भारत-आफ्रिका-भारत हा पूर्ण फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरांचा, आणि तो चार पिढ्यांत पुरा होतो. पणजोबानं निघायचं, पणतूनं पोहोचायचं. कमीत कमी आकडा घेतला तरी माणसाच्या मापात ४,७०,००० किलोमीटर! चंद्र आहे ३,८४,००० वर. चंद्र मागे पडला, आणि हातात अजून ८६,००० किलोमीटर शिल्लक!