घरची शाळा आणि आईची डोकेदुखी

गेल्या पावसाळ्यात एक ताई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीचे पोट रोज सकाळी बेंबीभोवती दुखत असे. वजन घटले नव्हते, ताप-उलटी नव्हती, दुखण्याने झोपमोड होत नव्हती. पोट तपासले, मऊ होते. लघवीचा रिपोर्टही चांगला आला. अशी पोटदुखी म्हणजे मुलांचे नाटक नव्हे. मनावर ताण आला की त्यांचे पोट खरोखरच दुखते.

"शाळेत काही त्रास?" मी विचारले.

"शाळेत घातलंच नाही डॉक्टर. मीच घरी शिकवते."

यजमानांची बदलीची नोकरी; म्हणून मुलगी आणि सहा वर्षांचा धाकटा, दोघांचा अभ्यास ताईंनी घरीच सुरू केला होता. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. डोके दुखते, झोप लागत नाही, मुलांवर हात उगारला जातो. "सासूबाई म्हणतात, पोरांचं वाटोळं करशील."

मुलगी हळूच म्हणाली, "आई सारखी घड्याळ बघते."

दुसऱ्या दिवशी मी वेळापत्रक आणायला सांगितले. सकाळी सात ते संध्याकाळी सात, नऊ विषय, तेही दोघांना वेगवेगळे! म्हाताऱ्या पेशंटच्या पिशवीतून चार डॉक्टरांच्या गोळ्या निघाल्या, की कोणत्या बंद करता येतील ते मी आधी पाहतो. इथेही तेच केले.

रोज फक्त भाषा आणि गणित ठेवले, तेही सकाळी. शाळेत चाळीस मुलांमागे एक शिक्षक असतो. समोर एकच मूल असताना तेवढे तास लागत नाहीत. परिसर, विज्ञान, इतिहास दिवसाआड, दोघांना एकत्र. बाजारातला हिशेब हाही गणिताचाच तास. दुपारची गोष्ट वाचायचे काम सासूबाईंकडे दिले. संध्याकाळी किमान एक तास मैदान, आणि रात्री नऊ-दहा तास झोप. रविवारी वही बंद.

"पण मागे पडले तर?" ताईंची भीती खरी होती. मी त्यांना सांगितले, की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते. हातात अजून पाच वर्षे आहेत. मुलांवरच्या अभ्यासाच्या ओझ्याबद्दल प्रा. यशपाल समितीने १९९३ सालीच सरकारला अहवाल दिला होता. शाळेतले तेच ओझे आपण घरी का आणावे?

ताईंचे रक्तही तपासले. हिमोग्लोबिन नऊ निघाले. बाईमाणसाचे बारा तरी हवे. मुलांच्या मागे धावताना त्यांचे जेवण चहावरच निभत होते. लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या चहाबरोबर घेऊ नका, असे बजावले.

दोन महिन्यांनी तिघे भेटले. मुलीचे पोट अधूनमधून दुखते, पण रोज नाही. ताईंना झोप लागते. सासूबाई कुरकुरतात, पण गोष्ट चुकवत नाहीत.

वाचकहो, मूल शाळेत जात असो वा घरी शिकत असो, पोटदुखीबरोबर वजन घटणे, ताप, वारंवार उलट्या किंवा शौचातून रक्त दिसले, तर ताण समजून थांबू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा. तसे काही नसेल, तर एकदा घरातले वेळापत्रक काढून बघा. त्यात आईच्या जेवणाची वेळ लिहिली आहे का, तेही पाहा.