ओळखीच्या पानाची पारख

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने पुण्याकडून येताना तळेगाव दाभाड्याच्या अलीकडे लागणारे सोमाटणे हे गाव आज बहुतेकांच्या ओळखीचे आहे ते तेथील फाट्यामुळे आणि टोलनाक्यामुळे. परंतु मावळचा हा भाग गेल्या काही दशकांत किती पालटला याचा अंदाज ज्याला घ्यावयाचा असेल त्याने नाक्यावर थांबण्याऐवजी येथल्या चार घरांची फडताळे पाहावीत. एका घरात भाताच्या रोगकिडींवरील पुस्तिका ज्ञानेश्वरीला टेकून उभी असते; दुसऱ्यात, जमिनीचे भाव चढू लागल्यापासून, सातबारा आणि फेरफार समजावून देणारे मार्गदर्शक आलेले असते; तिसऱ्यात पाककृती, चौथ्यात मधुमेह आणि शेअरबाजार अगदी शेजारी शेजारी. कादंबरीची निवड फसली तर माणसाची एक संध्याकाळ वाया जाते, पण या पुस्तकांपैकी एखाद्याची निवड फसली तर शेत, पैसा अथवा प्रकृती यांपैकी कशाला तरी तोशीस लागते. असे असूनही कादंबरीविषयी आपण दहा जणांना विचारतो आणि माहितीचे पुस्तक मात्र मुखपृष्ठावरील ठळक अक्षरांच्या भरवशावर खुशाल घरी आणतो.

हा दोष मी दुसऱ्यांच्या माथी मारीत नाही. तळेगावच्या परिसरात गुलाबशेती फोफावली त्या सुमारास, अंगणात चार कलमे लावण्याच्या हौसेपायी, मी गुलाबावरचे एक देखणे भाषांतरित पुस्तक विकत घेतले आणि त्यातील सांगण्याप्रमाणे हिवाळा सरता सरता, फेब्रुवारीअखेरीस, झाडांवर कात्री चालविली. मूळ लेखक बर्फ पडणाऱ्या मुलुखातला होता. त्याच्या दृष्टीने ती वेळ रास्तच होती, कारण तेथे वसंतात झाड नव्याने जागे होते. आपल्याकडे मुख्य छाटणी करावयाची ती पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे थंडीत भरघोस फुले येतात. माझी झाडे कोवळ्या फुटीनिशी थेट एप्रिलच्या उन्हात सापडली. भाषांतर निर्दोष होते, छपाई सुबक होती. फक्त ते पुस्तक मावळासाठी लिहिलेले नव्हते, आणि मूळ ग्रंथ कोणत्या देशात, कोणत्या साली निघाला हे सांगणारे पान उलटून पाहण्याची तसदी मी घेतली नव्हती.

तेव्हापासून मी एक नेम केला आहे. कोणत्याही विषयाचे पुस्तक हाती आले की, जे ठाऊक नाही ते शोधण्यापूर्वी, जे मला पक्के ठाऊक आहे त्याचे पान प्रथम काढावयाचे. ज्या लेखकाने माझ्या ओळखीच्या चार ओळींत चूक केली त्याच्यावर अनोळखी चारशे पानांसाठी विश्वास कसा टाकावा? आणि या कसोटीसाठी विद्वान असण्याची गरज नाही, कारण प्रत्येकाला कशाची तरी खडान्‌खडा माहिती असतेच: कोणाला भाताची, कोणाला भाकरीची, कोणाला रेल्वेच्या वेळापत्रकाची.

मावळच्या रहिवाशाला तर या कामी ओळखीच्या पानांची वाणच नाही. प्रवासवर्णन किंवा लेण्यांवरील पुस्तक असेल तर कार्ल्याचे पान काढावे. ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, ही आपल्या आजीकडून ऐकलेली कथा तेथे कथा म्हणून आली असेल तर हरकत नाही, किंबहुना ती यावीच. पण ती इतिहास म्हणून आली असेल तर पुस्तक जागच्या जागी ठेवून द्यावे. चांगला लेखक सांगतो की कार्ल्याचे चैत्यगृह हे बौद्धांचे, भारतातील कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे, सुमारे 45 मीटर लांबीचे. की तेथील शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचे आणि धेनुकाकट येथील यवन दात्यांचे उल्लेख आहेत. आणि त्याच चैत्याच्या तोंडाशी एकवीरेचे देऊळ असून कोळी-आगरी समाज तिच्या दर्शनाला लोटतो. ज्याने देऊळ गाळले त्याने डोंगर चढलेला नाही, आणि ज्याने शिलालेख गाळले त्याने तो चढून काही वाचलेले नाही, असे मी खुशाल समजतो.

इतिहासाच्या पुस्तकासाठी वडगावच्या लढाईचे पान आहे. जानेवारी 1779 मध्ये रघुनाथरावाला गादीवर बसविण्यासाठी बोरघाट चढून आलेली इंग्रजी फौज तळेगावपर्यंत पोचली, कार्ल्याजवळ तिचा कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपला इष्टुर फाकडा, गोळा लागून पडला. पुढे रसद तुटल्यावर जड तोफा तळ्यात लोटून आणि साठा जाळून तिने रातोरात माघार घेतली, आणि वडगावला तिला तहनामा लिहून द्यावा लागला. इथवर सर्वच पुस्तके सांगतात. परंतु तो तह इंग्रज सरकारने पुढे मान्य केला नाही आणि युद्ध 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत चालूच राहिले, हे जे पुस्तक सांगत नाही त्याला इतिहास न म्हणता मिरवणूक म्हणावे.

या संदर्भात आठवण होते ती याच तालुक्यातील कामशेतची. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या चाकरीतून 1925 मध्ये निवृत्त झाल्यावर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई इंद्रायणीकाठच्या या गावी येऊन राहिले आणि 1959 मध्ये त्यांचे देहावसान झाले तेही येथेच. नोकरीत असतानाच ‘मराठी रियासत’ लिहिणाऱ्या या गृहस्थाने, साठी उलटल्यानंतर, पेशवे दप्तरातील हजारो रुमाल चाळून निवडक कागदांचे 45 भाग संपादित केले. जदुनाथ सरकारांसारखा इतिहासकार त्यांच्या भेटीसाठी कामशेतला येत असे. सामान्य वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, नवे कागद हाती आल्यावर सरदेसायांनी आपलाच जुना मजकूर नव्या आवृत्त्यांत दुरुस्त केला. आवृत्तीच्या प्रस्तावनेत ‘पूर्वी लिहिले ते चुकले होते’ असे कबूल करणारा लेखक भेटला तर त्याची किंमत देण्यास कचरू नये. वीस आवृत्त्या निघूनही ज्याचा एक काना-मात्राही बदललेला नाही तो मात्र एकतर फार मोठा ऋषी असतो किंवा फक्त चांगला विक्रेता.

आवृत्तीचा प्रश्न केवळ विद्वत्तेचा नव्हे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा सत्तावन्नच्या धामधुमीचा वृत्तांत चिंतामणराव वैद्यांनी 1907 मध्ये छापला तो पुष्कळ फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये वाचकांपुढे ठेवला. यास्तव पुस्तकाचे नाव एकच असले तरी संपादक कोण हे विचारावे लागते. कायद्याच्या पुस्तकात तर तारीख हीच अर्धी विद्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, घरबांधणीच्या व्यवहारात 2017 पासून महारेरा आले. त्यापूर्वीचे मार्गदर्शक रद्दीच्या भावाने मिळाले तरी महागच. आणि जमिनीच्या पुस्तकात मी सरळ सातबाऱ्याचे पान काढतो. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद, आणि त्या नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात, तथापि सातबारा म्हणजे खरेदीखत नव्हे, एवढे ज्याने स्वच्छ लिहिले त्याचे उरलेले पुस्तक वाचण्याजोगे असते. सातबारा नावावर आला म्हणजे मालकी पक्की, असे लिहिणाऱ्याच्या सल्ल्याने फाट्यावरचा गुंठा घेऊ नये.

स्वयंपाकाच्या पुस्तकांची पारख सर्वांत सोपी, कारण त्यातील न्यायाधीश रोज ताटावर बसलेले असतात. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ 1910 चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. जेमतेम चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाईंनी वाटी-चमच्यांची मापे दिली, म्हणून तराजू नसलेल्या घरातही ते पुस्तक चालले. स्वतःला येणारा पदार्थ प्रथम त्यात वाचावा. आरोग्याच्या पुस्तकांत वैद्याकडे केव्हा धावावे हे लिहिले आहे का, आणि पैशाच्या पुस्तकांत तोटा या शब्दाला किती जागा मिळाली आहे, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

पुस्तके विकत घेण्यापूर्वी चाळावयाची कोठे, तर ग्रंथालयात. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 मध्ये झाला आणि त्यानुसार तालुक्यापासून गावापर्यंतच्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान मिळू लागले. तेथे पुस्तकाच्या पाठीवर चिकटविलेला आकडा म्हणजे पुष्कळदा मेल्विल ड्यूई या अमेरिकनाने 1876 मध्ये केलेली दशांश वर्गवारी असते: पक्षी 598, बागकाम 635, पाकशास्त्र 641. एकदा हा आकडा कळला की एकाच विषयाची पाच पुस्तके एका फळीवर शेजारी सापडतात, आणि पाचांतील तेच ओळखीचे पान एकामागून एक काढता येते. घरबसल्या पडताळा घ्यावयाचा तर मराठी विश्वकोशाचे वीस खंड महाजालावर विनामूल्य आहेत. लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून आरंभिलेल्या त्या कामाचा उपयोग आपण फक्त शाळकरी निबंधांपुरता करतो, हे मला नेहमी खटकते.

गुलाबाच्या त्या पुस्तकाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. छाटणीच्या प्रकरणात समासामध्ये मी पेन्सिलीने ‘मावळात ऑक्टोबर’ असे लिहून ठेवले होते. शेजारचे एक गृहस्थ ते दोन दिवसांसाठी म्हणून घेऊन गेले. त्यांच्या अंगणात या हिवाळ्यात फुले उत्तम आली आहेत, आणि पुस्तक अद्याप परत आलेले नाही.