प्रवर समितीच्या खोलीत

संसदेतला गदारोळ आपण टीव्हीवर पाहतो. कर आणि उद्योगधंद्यांविषयीची खरी चर्चा मात्र बरीचशी संसदीय समितीच्या बंद खोलीत होते. तिथे कॅमेरे नसतात, पक्षाचा व्हिप लागू नसतो. त्यामुळे सत्ताधारी आणि विरोधी खासदार उद्योजकांना मोकळेपणाने प्रश्न विचारू शकतात.

ताजं उदाहरण आयकर विधेयकाचं. फेब्रुवारी 2025 मध्ये मांडलेलं हे विधेयक लोकसभेच्या 31 सदस्यांच्या प्रवर समितीकडे, म्हणजे एखादं विधेयक तपासायला नेमलेल्या खासदारांच्या गटाकडे गेलं. उद्योगसंघटना आणि सनदी लेखापालांनी आपलं म्हणणं मांडलं. मूळ मसुद्यानुसार विवरणपत्र मुदतीनंतर भरलं, तर परतावा मागताच येत नव्हता. आजारपणात तारीख हुकलेल्या छोट्या दुकानदाराचा कापला गेलेला टीडीएसही त्यात अडकला असता! समितीने ही अट काढायला सांगितली. ऑगस्टमध्ये सरकारने जुनं विधेयक मागे घेऊन सुधारित मांडलं, त्यात ती अट नव्हती.

अर्थात, समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. शिवाय मोठ्या संघटनांकडे निवेदनं लिहिणारे तज्ज्ञ असतात, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याकडे नसतात. म्हणून समितीने सूचना मागवल्या, की तालुक्याच्या व्यापारी संघानेही आपलं निवेदन जरूर पाठवावं. ते मराठीत असलं तरी चालावं, असं मला मनापासून वाटतं.