बाळाचा फोटो, बेताच्या खर्चात

जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजारगावांतले फोटो स्टुडिओ मुख्यतः लग्नसराईवर चालतात. लग्नाच्या तिथी नसतील तेव्हा, आठवडेबाजाराचा वार टाळून गेल्यास फोटोग्राफरला सवड असते आणि दराचेही बोलता येते. स्टुडिओतले मोजके फोटो स्वस्त पडतात; खर्च चढतो तो अल्बम, फ्रेम आणि घरी बोलावण्याने. मूळ फाइली मिळणार का, हे आधीच विचारावे. ८ बाय १२ इंचांच्या सुबक प्रिंटला साधारण २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो तिथे बहुधा कमी पडतो.

पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपते, पण मान धरलेली नसते. टोपलीतल्या कसरती तेव्हा नकोतच. सहा-आठ महिन्यांचे, बसू लागलेले, झोप झालेले आणि पोट भरलेले बाळ फोटोग्राफरला सर्वांत सोयीचे.

संक्रांत ते रथसप्तमीच्या बोरन्हाणात वेगळी सजावट लागतच नाही. काळ्या झबल्यावर हलव्याचे पांढरे दागिने आपोआप उठून दिसतात. फक्त हलव्याचा दाणा बाळाच्या तोंडात जाऊ देऊ नये, घशात अडकू शकतो.

खिडकीचा मंद उजेड किंवा मळ्यातले सकाळचे कोवळे ऊन फुकटच असते. सायंकाळचे ऊनही छान, पण उसाच्या कडेला नको: हा बिबट्यांचा मुलूख आहे, आणि अंधार पडताना लहान मुलाला शेतात नेऊ नये.