कीड संशोधनात लोकसहभाग : छायाचित्रापासून विश्वासार्ह नोंदीपर्यंत

मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे मक्याच्या पोंग्यात अमेरिकन लष्करी अळी आढळली. भारतातील या किडीची ही पहिली नोंद होय. त्याच वर्षी ती महाराष्ट्रात पोहोचली आणि पुढील हंगामापर्यंत देशाच्या बहुतेक मका उत्पादक राज्यांत पसरली. परदेशी कीड नव्या प्रदेशात शिरते तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे सर्वांत मोलाचे असतात. प्रादुर्भाव मर्यादित क्षेत्रात असतो, शेजारच्या तालुक्यांना सावध करता येते आणि चुकीच्या फवारण्या टाळता येतात. मात्र त्या आठवड्यांत प्रत्येक शेतात कीटकशास्त्रज्ञ उपस्थित असणे अशक्य आहे. कीड सर्वप्रथम दिसते ती शेतकऱ्याला.

आज या शेतकऱ्याच्या हातात कॅमेरा असलेला मोबाईल आहे. कीडग्रस्त पानांची असंख्य छायाचित्रे गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर दररोज फिरतात. तरीही त्यांतील फारच थोडी संशोधनाच्या उपयोगी पडतात, कारण छायाचित्र आणि नोंद या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोठ्या लोकसमूहाने केलेल्या निरीक्षणांतून विश्वासार्ह माहिती कशी उभी राहते, हे समजून घेतल्यास विस्तार यंत्रणेला स्वतःच्या कार्यक्षेत्रातही त्याचा उपयोग करून घेता येईल.

लोकसहभागी विज्ञान म्हणजे काय?

संशोधनासाठी लागणारी निरीक्षणे गोळा करणे, छायाचित्रांचे वर्गीकरण करणे किंवा माहितीची छाननी करणे या कामांत सर्वसामान्य नागरिकांनी घेतलेला सहभाग म्हणजे लोकसहभागी विज्ञान. इंटरनेटमुळे या कामाचा आवाका वाढला. २००७ मध्ये सुरू झालेल्या 'गॅलेक्सी झू' या खगोलशास्त्रीय प्रकल्पात सुमारे नऊ लाख दीर्घिकांच्या प्रतिमा स्वयंसेवकांपुढे ठेवण्यात आल्या. लाखाहून अधिक लोकांनी त्यांचे आकारानुसार वर्गीकरण केले. एकच प्रतिमा अनेकांनी स्वतंत्रपणे पाहावी आणि त्यांच्या मतांतून निष्कर्ष काढावा, ही त्यामागील पद्धत होती. कीटकांच्या बाबतीत काम अधिक अवघड असते. येथे प्रतिमा दुर्बिणीतून आयती येत नाही. निरीक्षकाला ती शेतात जाऊन मिळवावी लागते.

बंगळूरुमधील अनुभव

या क्षेत्रातील भारतातील काही महत्त्वाचे उपक्रम बंगळूरु येथून चालतात. तेथील कृषी विज्ञान विद्यापीठाच्या गांधी कृषी विज्ञान केंद्र परिसरात राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही संशोधन संस्था आहे. 'एका रानवेड्याची शोधयात्रा' या पुस्तकामुळे मराठी वाचकांना परिचित असलेले डॉ. कृष्णमेघ कुंटे याच संस्थेत फुलपाखरांवर संशोधन करतात. त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' या संकेतस्थळावर देशभरातील निरीक्षक छायाचित्रे पाठवितात. प्रत्येक छायाचित्रासोबत स्थळ, दिनांक व निरीक्षकाचे नाव असते आणि जाणकारांनी तपासल्यानंतरच नोंद स्वीकारली जाते. पतंग, चतुर आणि इतर काही गटांसाठीही याच धर्तीवर संकेतस्थळे तयार झाली आहेत.

या निरीक्षकांत शिक्षक, अभियंते, वनकर्मचारी, विद्यार्थी असे विविध लोक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांनी केवळ प्रौढ फुलपाखरे न टिपता मादी कोणत्या वनस्पतीवर अंडी घालते व अळी काय खाते, याचीही नोंद ठेवली. अनुभवी निसर्गनिरीक्षकांची अशी क्षेत्रीय निरीक्षणे आणि पूर्वीचे साहित्य एकत्र करून २०१८ मध्ये पश्चिम घाटातील फुलपाखरांच्या अळ्यांच्या खाद्यवनस्पतींची विस्तृत सूची प्रसिद्ध झाली. घाटातील ३३६ जातींपैकी ३२० जातींच्या खाद्यवनस्पती तीत दिल्या आहेत.

अशा माहितीचा शेतीशी थेट संबंध आहे. लिंबू फुलपाखराची अळी संत्रा व लिंबाच्या रोपवाटिकांतील महत्त्वाची कीड आहे. तीच अळी बेल आणि कढीपत्त्यावरही वाढते. रोपवाटिकेच्या बांधावर कोणती झाडे आहेत, हे पाहण्याची गरज खाद्यवनस्पतींच्या नोंदींमुळे स्पष्ट होते.

बंगळूरुशी जोडलेला दुसरा उपक्रम म्हणजे २००८ मध्ये सुरू झालेले 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'. येथे एका सदस्याने टाकलेल्या निरीक्षणावर इतर सदस्य ओळख सुचवितात व त्या ओळखीस सहमती दर्शवितात. अर्थात, अनेकांची सहमती ही नेहमीच अचूकतेची हमी असते का, हा प्रश्न येथे उपस्थित होतो.

बहुमत केव्हा ग्राह्य धरावे?

एक साधे गणित पाहू. समजा, एखादी कीड ओळखताना प्रत्येक निरीक्षक ८० टक्के वेळा बरोबर असतो. अशा पाच जणांनी एकमेकांचे उत्तर न पाहता ओळख सांगितली आणि बहुमत घेतले, तर ते सुमारे ९४ टक्के वेळा बरोबर येते. तज्ज्ञ नसलेल्या पाच जणांचे एकत्रित मत त्यांच्यातील कोणाही एकाच्या मतापेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.

आता समजा, कीटक असा आहे की त्याला ओळखण्यात प्रत्येक जण केवळ ४० टक्के वेळा बरोबर असतो. तेव्हा पाच जणांचे बहुमत सुमारे ३२ टक्के वेळाच बरोबर येते. म्हणजेच माणसे वाढल्याने चूक कमी न होता वाढते.

ढालकिड्याची अळी हे याचे नेहमीचे उदाहरण आहे. काळपट, काटेरी, नारिंगी ठिपके असलेली ही अळी प्रौढ ढालकिड्यासारखी मुळीच दिसत नाही. ती माव्याच्या वसाहतीत फिरताना आढळते, म्हणून तिलाच कीड समजले जाते. वास्तविक ती मावा खात असते. गटातील बहुसंख्य सदस्यांनी तिला कीड ठरविल्यास फवारणी होते, मित्रकीटक मरतो आणि मावा पुन्हा वाढतो. शेतकऱ्याचा खर्च मात्र दुप्पट होतो.

यातून दोन नियम निघतात. परिचित, ठळक खुणांच्या किडीसाठी अनेकांचे मत उपयुक्त आहे. फसव्या, दुर्मीळ किंवा नव्या किडीसाठी तज्ज्ञाची तपासणी अनिवार्य आहे. दुसरे असे की मते स्वतंत्र असावीत. गटावर पहिल्या सदस्याने नाव सांगितले आणि इतरांनी त्याला दुजोरा दिला, तर ती पाच मते नसून एकच मत असते.

छायाचित्रावरून कीड ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालींनाही हेच लागू पडते. माणसांनी नावे दिलेल्या छायाचित्रांवरूनच त्या शिकतात. शिकविताना चुकीची नावे दिली गेली असल्यास प्रणाली तीच चूक करते. शिवाय जी कीड तिला कधी दाखविलेलीच नाही, तिला ती बहुधा जवळच्या परिचित किडीचे नाव देते. देशात नव्याने शिरलेली कीड नेमकी याच प्रकारात मोडते.

'आढळली नाही' हीही नोंदच

लोकांनी पाठविलेल्या माहितीत एक स्वाभाविक कल असतो. शहराजवळील, रस्त्यालगतच्या व सुटीच्या दिवशीच्या नोंदी अधिक येतात. आकर्षक किंवा नुकसान करणारा कीटक नोंदविला जातो. निरोगी शेताचे छायाचित्र कोणी पाठवीत नाही.

समजा, एका तालुक्यात गेल्या आठवड्यात २० शेते पाहिली गेली व त्यांपैकी १० शेतांत अळी आढळली. या आठवड्यात १५० शेते पाहिली गेली व ३० शेतांत अळी आढळली. केवळ तक्रारी मोजल्यास प्रादुर्भाव तिप्पट झाला, असे वाटेल. प्रत्यक्षात प्रादुर्भावग्रस्त शेतांचे प्रमाण ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले आहे. किती शेते पाहिली, हा आकडा नसेल तर दिला जाणारा सल्ला उलट दिशेने जाऊ शकतो.

पक्षी निरीक्षकांनी या अडचणीवर तोडगा काढला आहे. 'ईबर्ड' या प्रणालीत निरीक्षक किती वेळ पाहणी केली, किती अंतर चालले आणि दिसलेल्या सर्व पक्ष्यांची यादी दिली आहे का, हे नोंदवितो. त्यामुळे एखाद्या यादीत पक्षी नसणे यालाही अर्थ प्राप्त होतो. सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या तीन कोटींहून अधिक नोंदींच्या आधारे २०२३ मध्ये भारतातील ९४२ पक्षी जातींच्या स्थितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. टोळ-नाकतोड्यांवर उपजीविका करणाऱ्या नीलपंख पक्ष्याची संख्या घटत असल्याचे त्यातून दिसून आले. केवळ छायाचित्रांच्या संग्रहातून असा कल काढता आला नसता.

महाराष्ट्राला ही शिस्त नवी नाही. २००८ च्या खरिपातील सोयाबीनवरील पाने खाणाऱ्या अळ्यांच्या उद्रेकानंतर २००९-१० पासून राबविलेल्या 'क्रॉपसॅप' प्रकल्पात ठरावीक पद्धतीने शेते पाहून किडींची मोजणी होते. नेमलेल्या निरीक्षकांची ही मोजणी पाया मानावी आणि शेतकऱ्यांच्या नोंदी तिला पूरक म्हणून जोडाव्यात. पहिल्या पद्धतीत प्रमाण कळते. दुसरीत अनपेक्षित गोष्ट लवकर दिसते.

छायाचित्राची मर्यादा : मिरचीवरील फुलकिडे

थ्रिप्स पार्विस्पिनस या फुलकिड्याची भारतातील पहिली नोंद २०१५ मध्ये बंगळूरु येथून पपईवर झाली. २०२१ च्या हंगामात याच फुलकिड्याने आंध्र प्रदेश, तेलंगणा व कर्नाटकातील मिरचीचे प्रचंड नुकसान केले. फुलांत गर्दी करणारे गडद रंगाचे फुलकिडे पाहून शेतकऱ्यांनी वारंवार फवारण्या केल्या, तरीही फुलगळ थांबली नाही.

दोन मिलिमीटरपेक्षाही लहान असलेल्या या कीटकाची जात मोबाईलच्या छायाचित्रावरून निश्चित होत नाही. त्यासाठी काचपट्टीवर बसविलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. पांढऱ्या माशीची जातही प्रामुख्याने पानाला चिकटलेल्या कोषावस्थेवरून ठरते. अशा कीटकांबाबत छायाचित्राचे काम 'येथे काहीतरी वेगळे आहे' इतकी सूचना देण्यापुरतेच असते. त्यापुढे नमुना गोळा करून कृषी विद्यापीठ किंवा बंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थेतील तज्ज्ञांकडे पोहोचणे आवश्यक असते.

उपयुक्त नोंद कशी करावी?

१. तीन छायाचित्रे घ्यावीत : नुकसानीसह संपूर्ण झाड, कीटक ज्या भागावर आहे तो भाग, आणि कीटकाचे जवळून घेतलेले चित्र. आकार कळण्यासाठी शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी.

२. ओळखीची खूण दिसली पाहिजे. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे काढल्यासारखी खूण असते आणि शेपटीकडून दुसऱ्या वलयावर चौकोनात चार काळे ठिपके असतात. केवळ कुरतडलेल्या पोंग्याच्या चित्रावरून अळीची जात सांगता येत नाही.

३. पीक, वाण, पिकाचे वय, गाव, तालुका व दिनांक लिहावा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेल्या चित्रातून स्थळाची व वेळेची मूळ माहिती निघून जाते. ती टिकविण्यासाठी चित्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावे किंवा तपशील स्वतंत्रपणे लिहावा.

४. किती झाडे पाहिली व त्यांपैकी किती झाडांवर कीड होती, हे दोन्ही आकडे द्यावेत. कीड नसल्यास 'शून्य' असे स्पष्ट लिहावे.

५. पुढे ढकललेले, मूळ स्थळ ठाऊक नसलेले छायाचित्र नोंद म्हणून वापरू नये.

६. फुलकिडे, मावा यांसारखे मृदू कीटक ७० टक्के अल्कोहोलच्या कुपीत ठेवावेत. चिठ्ठी पेन्सिलने लिहून कुपीच्या आत टाकावी, कारण पेनची शाई विरघळते. पांढऱ्या माशीसाठी कोष असलेले पान कागदात गुंडाळून पाठवावे.

७. नवी कीड असल्याचा संशय आल्यास तज्ज्ञांनी दुजोरा देण्यापूर्वी तिचे नाव जाहीर करू नये. अफवेमुळे अनावश्यक फवारण्या होतात.

८. शेतकऱ्याच्या संमतीविना त्याचे नाव किंवा गट क्रमांक सार्वजनिक करू नये. संशोधनासाठी आतल्या नोंदीत नेमके स्थळ आणि प्रसिद्धीसाठी केवळ गाव किंवा तालुका, अशी विभागणी करता येते.

विस्तार कार्यकर्त्याची भूमिका

केंद्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय कीड निरीक्षण प्रणालीमुळे छायाचित्र पाठवून सल्ला मिळविण्याचा मार्ग खुला झाला आहे. असे मार्ग वाढत जातील, तसतसे शेतकरी व तज्ज्ञ यांच्यामधील चाळणीचे महत्त्वही वाढेल. ही चाळणी गावपातळीवरच लागणे श्रेयस्कर. कृषी सहायकाने आपल्या गटातील पाच-सहा जिज्ञासू शेतकऱ्यांना प्रमुख किडी व मित्रकीटकांच्या खुणा शिकविल्या, तर सामान्य प्रश्न तेथेच सुटतील आणि खरोखर अनोळखी असलेले नमुनेच पुढे जातील. वर दिलेल्या गणितानुसार प्रत्येकाची अचूकता निम्म्याच्या वर नेणे, हाच समूहाच्या मताला अर्थ देण्याचा मार्ग आहे.

याबरोबरच नोंद पाठविणाऱ्यास उत्तर मिळणे आवश्यक आहे. कीटक कोणता निघाला, तो हानिकारक आहे की उपयुक्त, फवारणीची गरज आहे की नाही, एवढे त्याला कळविले पाहिजे. उत्तर न मिळालेला निरीक्षक सहसा दुसऱ्यांदा नोंद पाठवीत नाही. ज्याला 'ही ढालकिड्याची अळी आहे, फवारणी थांबवा' असे वेळेत कळते, त्याची एक फवारणी वाचते आणि पुढील हंगामात अनोळखी कीड दिसल्यास तो आपणहून कळवितो.