जीपवरचे चिलखत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जीप, जिप्सी किंवा हलका ट्रक ही लष्करी वाहने माणसे आणि सामान ने-आण करण्यासाठी बनवलेली असतात, गोळ्या झेलण्यासाठी नव्हे. पण युद्ध लांबले आणि हल्ले आघाडीऐवजी रसदीच्या रस्त्यांवर होऊ लागले की याच वाहनांतली माणसे मरू लागतात. मग चालक आणि वर्कशॉपमधले वेल्डर हाताला लागेल ते पोलाद, लाकूड, वाळूची पोती जोडून गाडीला चिलखत चढवतात. या तात्पुरत्या चिलखताविषयी, विशेषतः त्याच्या ताकदीविषयी, बरेच गैरसमज आहेत.

सर्वांत पक्का गैरसमज असा की, लोखंडाचा जाड पत्रा असला म्हणजे गोळी अडलीच. बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत किंवा पुण्याच्या भोसरीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे मिळते ती एमएस प्लेट, म्हणजे आयएस 2062 दर्जाचे बांधकामाचे साधे पोलाद. ते वाकते, कापले जाते, सहज वेल्ड होते. त्याचा गुणच मऊपणा. चिलखती पोलाद मुद्दाम तापवून आणि झटकन थंड करून कठीण केलेले असते. त्याची कठीणता साध्या पोलादाच्या तिपटीहून अधिक भरते. साडेसहा मिलिमीटरची चांगली चिलखती प्लेट 7.62 मिलिमीटर रायफलची साधी गोळी अडवू शकते. तेवढ्याच जाडीच्या एमएस प्लेटमधून तीच गोळी जवळून झाडल्यास आरपार जाते. 1914 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या हवाई दलाने फ्रान्समधील डंकर्कच्या जहाजकारखान्यात मोटारींना बॉयलरचा पत्रा लावून घेतला, तेव्हा हाच अनुभव आला: दुरून आलेली गोळी अडे, जवळची अडत नसे. त्यानंतर रोल्स-रॉईस मोटारींवर खऱ्या चिलखती प्लेटची रीतसर बांधणी झाली. त्या घराण्यातली सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पाहता येते.

खरे चिलखती पोलाद मिळाले म्हणून काम संपत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतची काही मिलिमीटर पट्टी पुन्हा मऊ पडते आणि चिलखताची सर्वांत दुबळी रेघ तिथेच तयार होते. म्हणून कारखान्यात सांध्यामागे आतून आणखी एक पट्टी लावतात. दाराची फट, बिजागरी, काचेची चौकट या जागाही अशाच झाकाव्या लागतात. घाईत काम करणाऱ्या वेल्डरला हे माहीत असले तरी त्यासाठी वेळ आणि प्लेट दोन्ही कमी पडतात. शिवाय पत्रा न फुटताही त्याच्या आतल्या बाजूने तुकडे उडू शकतात आणि ते माणसाला गोळीसारखेच लागतात.

‘जाड तितके बरे’ हा दुसरा समज. हिशेब साधा आहे: एक चौरस मीटर आणि दहा मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलो भरते. दुसऱ्या महायुद्धातली विलीस जीप, जिची जुळणी पुढे महिंद्राने मुंबईत सुरू केली, स्वतः सुमारे अकराशे किलोची आणि तिची ठरलेली भारक्षमता साडेतीनशे किलोच्या आसपास. म्हणजे साडेचार चौरस मीटर प्लेट लावली की तिची सगळी क्षमता संपली. चालक, शिपाई, मशीनगन आणि दारूगोळा अजून चढायचेच आहेत. मग पाटे बसतात, ब्रेक उशिरा लागतात, क्लच जळतो. वजन वर गेल्यामुळे वळणावर गाडी उलटते. 1944–45 च्या हिवाळ्यात बेल्जियमच्या आर्देन जंगलात लढलेल्या अमेरिकी तुकड्यांनी जीपना मुख्यतः समोरून तिरकस प्लेट लावल्या आणि बाकीची बाजू बरीचशी उघडी ठेवली, यामागे हेच गणित होते. काचेबाबत तर अंदाज हमखास चुकतो. गोळीरोधक काच हलकी वाटते. पण चाळीस मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच शंभर किलोच्या आसपास जाते, म्हणजे वरच्या पोलादी प्लेटहून जड.

वाळूच्या पोत्यांवरही लोकांचा फार विश्वास. बंकरभोवती ती उत्तम, कारण तिथे वजनाची अडचण नसते. व्हिएतनाममध्ये 2 सप्टेंबर 1967 रोजी अमेरिकी रसद ताफ्यावर मोठा हल्ला झाला. त्यानंतर ट्रकवर आधी फळ्या आणि वाळूची पोतीच रचली गेली. पावसात पोती पाणी प्यायली, वजन आणखी वाढले, आणि काही काळातच पोत्यांची जागा पोलादी प्लेटने घेतली.

हे सारे गरीब सैन्यांचे किंवा खास आपल्याकडचे ‘जुगाड’ आहे, असेही मानले जाते. वर आलेली उदाहरणे श्रीमंत सैन्यांचीच आहेत. इराक युद्धात, 8 डिसेंबर 2004 रोजी कुवेतमध्ये एका अमेरिकी सैनिकाने संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना सर्वांसमोर विचारले होते की, गाड्यांच्या चिलखतासाठी आम्हाला कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून भंगार का शोधावे लागते. याउलट भारतात दुसऱ्या महायुद्धात हे काम कारखान्याच्या शिस्तीने झाले. कॅनडातून आलेल्या फोर्ड चासीवर जमशेदपूरच्या टाटा कारखान्यातल्या चिलखती पोलादाचे कवच चढवून ‘इंडियन पॅटर्न’ चाकी चिलखती गाड्या तयार झाल्या. 1940 ते 1944 या काळात त्या साडेचार हजारांहून अधिक बनल्या. त्यांचे चिलखत जास्तीत जास्त 14 मिलिमीटर. सैनिक त्यांना ‘टाटानगर’ म्हणत, आणि त्या उत्तर आफ्रिकेपासून इटलीपर्यंत वापरल्या गेल्या. आपल्या लष्करी इतिहासात या गाड्यांना मिळालेली जागा फारच थोडी आहे.

तात्पुरती युक्ती कायमचे साधनही बनू शकते. बंगळुरूचे नाव जगभरच्या सैन्यांत पोहोचले ते अशाच एका युक्तीमुळे. मद्रास सॅपर्स अँड मायनर्सचे कॅप्टन मॅक्लिंटॉक यांनी 1912 मध्ये तिथे स्फोटक भरलेल्या नळ्या एकीला एक जोडून काटेरी तारांखालून पुढे सरकवण्याची रीत काढली. ‘बँगलोर टॉर्पेडो’ हे साधन दोन्ही महायुद्धांत वापरले गेले. फरक इतकाच की, नळीचे काम एकच होते: तारांचा अडथळा उडवणे. गाडीला मात्र गोळी, सुरुंग, खड्डे, चढ आणि उन्हाळा या सगळ्यांना एकाच वेळी तोंड द्यायचे असते.

यातून सर्वांत घातक गैरसमजाकडे येता येते: बुलेटप्रूफ गाडी म्हणजे सुरुंगालाही दाद न देणारी गाडी. गोळी बाजूने येते, सुरुंगाचा मारा खालून. सपाट तळाच्या गाडीखाली स्फोट झाला की सगळा दाब तळावर अडकतो. वर लावलेल्या प्लेट निरुपयोगी ठरतात आणि सुटल्या तर आतल्यांनाच लागतात. इथे जाडीपेक्षा आकार आणि उंची महत्त्वाची. दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्पिर गाडीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा असल्याने दाब दोन्ही बाजूंना फाकतो. भारताने ती गाडी घेतली आणि नंतर मेदकच्या आयुध निर्माणीत सुरुंगरोधक वाहने बनू लागली. मुंबईवरील 26/11 च्या हल्ल्यानंतर, 2009 मध्ये आलेली महिंद्राची मार्क्समन वेगळ्या कामाची: शहरातली चकमक, रायफलच्या गोळ्या, हातबॉम्ब. रस्त्यात पुरलेल्या मोठ्या सुरुंगासाठी ती नाही. पुण्याच्या भारत फोर्जची कल्याणी एम4, जिचा 177.95 कोटी रुपयांचा करार संरक्षण मंत्रालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये केला, सुरुंगांचा विचार करून घडवली आहे. म्हणूनच तिचे भारासह वजन सोळा टनांपर्यंत जाते. सुरुंगरोधक वाहनालाही मर्यादा असते. 2005 मध्ये छत्तीसगडच्या बिजापूर भागात असे वाहन मोठ्या स्फोटाने उडवले गेले आणि आतले जवान मारले गेले.

1 मे 2019 रोजी गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याजवळ जांभुरखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे 15 पोलीस आणि वाहनाचा चालक ठार झाले. ते खासगी वाहनातून जात होते. त्या गाडीच्या बाजूंना कितीही पत्रे ठोकले असते तरी खालून आलेला मारा चुकला नसता. सुरुंगांच्या भागात जवानांना उंच, व्ही तळाची वाहने द्यावीत आणि रस्ता तपासल्याशिवाय त्या वाहनांतूनही त्यांना पाठवू नये. वेल्डिंग केलेले चिलखत याची जागा घेऊ शकत नाही.