लोकरीचा मणी

फेल्टचे दागिने शिकायचे म्हटल्यावर सुया, दोरे, कड्या आधी हातात येतील असं बहुतेकांना वाटतं. पुण्यातल्या आमच्या वर्गात सुरुवातीचा सगळा वेळ गेला तो लोकर ओढायला शिकण्यात. मेरिनो मेंढीची विंचरलेली लोकर लांबलचक पेळूच्या रूपात मिळते. तिला कात्री लावायची नाही, कारण कापलेली बोथट टोकं नीट गुंतत नाहीत आणि तयार कामात त्यांची रेघ उठून दिसते. पेळू दोन्ही हातांत धरायचा, दोन मुठींमध्ये वीतभर अंतर ठेवायचं आणि अलगद ओढायचं. मुठी जवळ धरल्या तर कितीही जोर लावा, लोकर सुटत नाही, कारण एकाच तंतूची दोन्ही टोकं आपणच पकडून बसलेलो असतो. अंतर वाढवलं की विरळ, तलम झिरमिळी हातात येते. “जोर नको ताई, अंतर द्या,” असं आमच्या शिक्षिका एकेकीच्या मागे उभ्या राहून सांगायच्या.

एवढी निगुती कशासाठी, याचं उत्तर तंतूच्या रचनेत आहे. लोकरीच्या तंतूवर एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्या सगळ्यांची तोंडं टोकाच्या दिशेला असतात. त्यामुळे तंतू मुळाच्या बाजूने सहज पुढे सरकतो, पण उलट यायला गेला की अडतो. गरम पाण्याने तंतू फुगतो आणि लवचिक होतो, साबणाने निसरडा होतो, चोळलं की पुढे सरकतो आणि शेजारच्या तंतूंत अडकून बसतो. ही गुंतागुंत म्हणजेच फेल्ट, आणि ती पुन्हा सोडवता येत नाही. लोकरीचा स्वेटर वॉशिंग मशीनमधून बाळाच्या मापाचा होऊन निघतो, तो याच कारणाने. स्वेटर आटू नये म्हणून ‘सुपरवॉश’ लोकरीचे खवले रसायनांनी बोथट केलेले असतात, वर राळेचा पातळ थरही दिलेला असतो. अशा लोकरीचं फेल्ट होत नाही, तेव्हा विकत घेण्याआधी वेष्टन वाचावं. शाळेच्या हस्तकलेसाठी फेल्ट म्हणून जे रंगीत चौकोन दुकानात मिळतात, ते बहुतेक पॉलिएस्टरचे किंवा ॲक्रिलिकचे असतात. शंका आली तर एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. प्लॅस्टिक वितळून त्याची कडक गाठ होते.

मणी करायला बसलं की आधी काटा हवा. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा या कामात फार उपयोगी पडतो. कोरडी लोकर डोळ्यांना फसवते. सारखेच दिसणारे दोन पुंजके घ्यावेत आणि एकाचा मणी दुसऱ्याच्या दीडपट व्हावा, असं सर्रास होतं. दोन सेंटिमीटर व्यासाच्या मण्याला साधारण एक ग्रॅम लोकर लागते. तिचा एक पुंजका घट्ट गुंडाळायचा, त्यावर दुसरा आडवा, मग तिसरा उभा, असे पदर चढवत जायचं. प्रत्येक पदर इतका विरळ असावा की खालचा रंग त्यातून दिसला पाहिजे. चारएक सेंटिमीटरचा हलका गोळा तयार होतो. तो हाताला जेमतेम सोसवेल इतक्या गरम साबणाच्या पाण्यात बुडवायचा.

लाडू वळायची सवय असलेला हात इथे आड येतो. लाडवाला आपण पहिल्यापासून दाब देतो. भिजलेला लोकरीचा गोळा सुरुवातीलाच दाबला तर त्याला घडी पडते, ती घडी तशीच आवळली जाते आणि मण्याला कायमची भेग राहते. मग कितीही वळा, ती मिटत नाही. म्हणून तळहात खोलगट ठेवायचे आणि गोळा त्यांच्यामध्ये नुसता फिरू द्यायचा. वरचा पदर आतल्या गाभ्यावरून सरकतोय, हे बोटांना स्पष्ट कळतं. हे सगळं आता सुटून हातात येणार, अशी धास्ती प्रत्येकीला वाटते. तरीही हाताची गती बदलायची नाही. काही मिनिटांनी सरकणं थांबतं, वरचा पदर गाभ्याला धरतो. आता थोडा दाब, पुन्हा गरम पाणी, मग आणखी दाब. पाण्याचा पचपच आवाज कमी होत जातो, गोळा लहान आणि टणक होत जातो, आणि अखेर टेबलावर टाकला की टप्पा घेतो. त्यानंतर साबण पूर्ण जाईपर्यंत गार पाण्यात धुवायचा. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालतात, कारण साबणातला अल्कलीचा अंश मागे राहिला तर लोकर कमजोर होते.

पाऊण तास या एकाच कामात सहज जातो. बाजारात स्वस्त माळा पाहणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं.

वर्गात मण्याची खरी परीक्षा ब्लेडने व्हायची. कानातल्या कुड्यांसाठी मणी मधोमध कापून दोन अर्धगोल करतात. आतून गडद जांभळा, मग पिवळा, मग पांढरा, वरून निळा असे पदर दिले असतील, तर कापल्यावर एकात एक वर्तुळं दिसतात. हातानं केलेली असल्याने ती जराशी वेडीवाकडी असतात आणि म्हणूनच देखणी वाटतात. मणी पक्का असेल तर कापलेला पृष्ठभाग बोटाला सपाट आणि घट्ट लागतो. नुसतं वरचं कवच आवळलेलं असेल, तर आतून भुसभुशीत लोकर बाहेर येते. रंग कितीही सुरेख असला तरी असा मणी दागिन्यात घालू नये, चार वेळा वापरला की तो चेपतो. काटेरी खाचांच्या सुईने कोरडी लोकर टोचून मणी करायचीही पद्धत आहे. ती झटपट होते, ठिपके आणि नक्षी काढायला उत्तम. पण रोज अंगावर घासणाऱ्या दागिन्याचा पाया पाण्यातच पक्का केलेला असावा, असं माझं ठाम मत झालं आहे.

फेल्ट करणं माणसाला फार पूर्वीपासून येतं. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या थडग्यांमध्ये बर्फामुळे टिकून राहिलेल्या फेल्टच्या वस्तू सापडल्या, त्या दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत. त्यांत आत भर घालून उभे केलेले राजहंस आहेत. ते आज सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहेत. किरगिझस्तानातल्या बायका फेल्टचे नक्षीदार गालिचे करतात. ती कला युनेस्कोने २०१२ साली तातडीने जतन करायच्या यादीत घेतली. काश्मीरचा नमदा आपल्याला माहीत असतो. दख्खनमध्ये मात्र पिंजारी लोक मेंढीची लोकर पिंजून, भिजवून, लाटून जेन नावाचं फेल्ट करत आणि ते घोड्याच्या खोगिराखाली घालत, हे आपण जवळपास विसरलो आहोत.

ती लोकर दख्खनी मेंढीची. काळी, करडी, भरड. ती अंगाला टोचते, कारण साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड तंतू कातडीत रुतल्यासारखा लागतो. मेरिनोचा तंतू वीसच्या आसपास असतो. त्यामुळे गळ्यात घालायच्या मण्याला दख्खनी लोकर बाहेरून चालत नाही, पण गाभ्याला छान चालते. मी आता गाभा दख्खनीचा आणि वरचे पदर मेरिनोचे, असेच मणी करते. महागडी आयात लोकर निम्म्याने कमी लागते आणि मणी लवकर टणक होतो. वळताना गाभ्यातले काळे तंतू वरच्या पदरात शिरतात, त्यामुळे फिका गुलाबी किंवा पांढरा रंग मळकट दिसतो. मातकट तांबडा, मोरपंखी, हळदी या रंगांवर मात्र त्या काळ्या तंतूंची झाक फार शोभते. विकतच्या रंगीत लोकरीत ती कधीच दिसत नाही.

मणी ओवणं मी एका पटवेकऱ्यांकडे बसून शिकले. सोन्याची पोत गाठवणारा हात लोकरीच्या मण्यांना काय करणार, असं त्यांनाही आधी वाटलं असावं. पण मण्यामण्यात गाठ कशी बसवायची, दोरा किती ताणायचा आणि मागचा गोंडा कसा वळायचा, हे त्यांनी मोकळेपणाने दाखवलं. लोकरीच्या मण्याला भोक पाडायची गरज नसते. लांब सुई आरपार घालायची आणि पलीकडून पकडीने ओढायची. मेण लावलेला सुती दोरा उत्तम. नायलॉनचा दोरा मण्याला हळूहळू आतून कापत जातो.

अशी पंचवीस मण्यांची माळ तीस ग्रॅमच्या आत भरते. तेवढ्याच मापाचा काचेचा एकच मणी दहा ग्रॅमच्या आसपास असतो. जड झुब्यांनी कानाच्या पाळ्या ओघळलेल्या माझ्या आईला लोकरीच्या कुड्या दिल्या, तेव्हा ती दिवसभर त्या घालूनच वावरली. असे दागिने पावसात भिजले तरी बिघडत नाहीत, हवेशीर जागी सावलीत वाळवले की झालं. खरा शत्रू कसर. डब्यात वेखंडाचा तुकडा ठेवावा आणि महिन्या-दोन महिन्यांनी माळ बाहेर काढून झटकावी.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. अनेक ठिकाणी कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, म्हणून ती तिथेच टाकून दिली जाते. कातरणीच्या दिवसांत फलटण, माण, जत या बाजूने जाणं झालं, तर एखाद्या वाड्यावर थांबा आणि दोन किलो लोकर घ्या. तिच्यातली कुसळं वेचावी लागतील, पाच-सहा पाण्यांनी धुवावी लागेल. भाव मात्र करू नका. धनगर सांगेल तो द्या.